पाळण्यातले पाय आणि मेंदूतील जनुके

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की तिच्या पोटात एक संपूर्ण सिद्धांत दडलेला आहे याचे भान राहत नाही. माणूस जन्मतः जसा असतो तसाच तो पुढे राहतो. बुद्धी, धीटपणा, भित्रेपणा, उदासपणा ही सारी जन्माबरोबरच येतात, असा तो सिद्धांत आहे. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात एकोडी नावाचे गाव आहे. आसपासच्या साऱ्या मुलखाप्रमाणे तेही धानाचे गाव. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की या भागातील बाया सकाळीच बांधीत उतरतात, कमरेतून वाकून दिवसभर चिखलात रोपे खोचतात. आणि ज्यांचे मूल अजून अंगावर पिते आहे त्या ते धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत ठेवतात किंवा घरी सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली करून येतात. तेच मूल पुढे शाळेत बुजरे निघाले, चारचौघांत तोंड उघडीनासे झाले, तर त्याच्याविषयीचा निर्णय तयारच असतो : खाण तशी माती.

झोळीतल्या दिवसांचा पुढल्या स्वभावाशी काही संबंध असेल काय, हा प्रश्न आजवर घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या अखत्यारीतला होता. गेल्या काही दशकांत तो प्रयोगशाळेत पोचला आहे. आणि नवल असे की, स्वभाव रक्तातूनच येतो हे ज्या शास्त्राने सिद्ध करून दाखवावे अशी बहुतेकांची अपेक्षा, त्या आनुवंशशास्त्राचीच हत्यारे घेऊन मुंबईत झालेल्या एका संशोधनाने अगदी उलट बाजूचा पुरावा पुढे ठेवला आहे. त्या संशोधनाची आणि त्याच्या पूर्वपीठिकेची ओळख शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांना असणे अगत्याचे वाटते, कारण ‘मुळातच नाही’ हे वाक्य आपल्याकडे सर्वाधिक वेळा याच मंडळींच्या तोंडून बाहेर पडते आणि याच मंडळींना ते ऐकूनही घ्यावे लागते.

आनुवंशिकता म्हणजे काय हे विदर्भातील माणसाला निराळे शिकवावे लागत नाही. सिकलसेलच्या आजाराने ते घरोघर शिकवलेले आहे. आई आणि बाप या दोघांकडून सदोष जनुक आले तर मूल रोगी होते, एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक राहते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्य रोगी निपजण्याचा संभव चारात एक. एका जनुकातील एका अक्षराची चूक, तिच्यामुळे रक्तातील एका प्रथिनाचा बदललेला घाट आणि त्यापायी जन्मभराच्या वेदना, इतका हा हिशेब सरळ आहे. असा रोखठोक हिशेब एकदा डोळ्यांसमोर असला की मनाच्या बाबतीतही तोच लावण्याचा मोह होतो. रक्त जर जनुकांच्या हुकमाने घडते, तर मेंदूही तसाच घडत असला पाहिजे. आणि मेंदू तसा घडत असेल तर बुद्धी आणि स्वभाव यांचे आणखी निराळे ते काय? युक्तिवाद बिनतोड दिसतो. तो कोठे चुकतो हे दाखवून देण्याचा मान एका चिलटाकडे जातो.

पिकलेल्या केळ्यावर किंवा उन्हाळ्यात सुकत घातलेल्या मोहफुलांना आंबूस वास सुटला की त्यांवर जी बारीक लालसर डोळ्यांची चिलटे जमतात, त्यांच्याच कुळातील एक जात जगभरच्या आनुवंशशास्त्रज्ञांनी पाळलेली आहे. टॉमस हंट मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९१० साली त्यांच्यात एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि त्या धाग्यावरून आनुवंशशास्त्राचा मोठा प्रपंच उभा राहिला. या प्राण्याला खर्च जवळजवळ नाही. तो दुधाच्या बाटलीत राहतो, दहा-बारा दिवसांत त्याची नवी पिढी डोळे उघडते, गुणसूत्रांच्या जोड्या अवघ्या ४. तथापि अर्धशतकभर त्याचा उपयोग डोळ्यांचा रंग, पंखांचा आकार, अंगावरचे केस अशा बाह्य गोष्टींपुरताच झाला. चिलटाला वर्तनही असते, ते उजेडाकडे धावते, वास ओळखते, काही गोष्टी शिकते आणि विसरते. मग या गोष्टींतही जनुकांची चूक शोधता येईल, हा विचार १९६७ च्या सुमारास सीमूर बेंझर यांनी कॅलिफोर्नियात मांडला. मूळचे ते पदार्थविज्ञानाचे. माणूस आपले क्षेत्र सोडून दुसऱ्याच्या अंगणात शिरला की भाबडे प्रश्न विचारतो, आणि शास्त्रात भाबड्या प्रश्नांना पुष्कळदा किंमत येते.

ही विद्या भारतात रुजली ती मुंबईत. होमी भाभा यांनी १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचे काम सुरू करण्यासाठी ओबेद सिद्दिकी या तिशीच्या तरुणाला पाचारण केले. सिद्दिकी मूळचे उत्तर प्रदेशातील बस्तीचे, अलिगढला वनस्पतिशास्त्र शिकलेले, ग्लासगोला पोन्तेकोर्वो यांच्या हाताखाली तयार झालेले. प्रथम काही वर्षे त्यांनी जीवाणूंवर काम केले आणि मग ते बेंझर यांच्या चिलटांकडे वळले. या दोघांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला प्रबंध आजही वाचण्याजोगा आहे. त्यांनी अभ्यासलेली चिलटे एरवी इतरांसारखीच उडत-चालत. तापमान काही अंशांनी वाढवले की ती लुळी होऊन खाली पडत आणि पुन्हा गारव्यात आणली की उठून चालू लागत. त्यांच्या चेतातंतूंतील विद्युत्-संदेश मोजला तेव्हा दिसले की काहींच्या तंतूंतून संदेश वाहणेच थांबते, तर काहींत तो तंतूच्या टोकापर्यंत येतो पण पुढल्या पेशीत उतरत नाही. जनुकातील एक चूक जणू ताप चढला की विजेचे बटण बंद करीत होती. यांपैकी एका जनुकापासून चेतातंतूमधील सोडियमची वाट घडते, हे पुढे १९८९ साली उलगडले. आणि त्याच कुळातील मानवी जनुकांत दोष असला तर बालवयात अपस्माराचे काही कठीण प्रकार उद्भवतात. चिलटाचे आणि आपले नाते इतके जवळचे असेल असे १९७६ साली फारच थोड्यांना वाटले असते.

पुढे सिद्दिकींनी मुंबईत वास आणि चव यांचा विषय हाती घेतला. या कामात त्यांना लाभलेल्या विद्यार्थिनीचे नाव व्हेरोनिका रॉड्रिग्ज. गोव्याकडील कुटुंबातली, पूर्व आफ्रिकेत वाढलेली आणि डब्लिनला शिकलेली ही मुलगी सिद्दिकींचे काम वाचून मुंबईला आली आणि इथलीच झाली. दोन वाटा फुटलेल्या नळीत चिलटे सोडायची, एका वाटेवर वास ठेवायचा, दुसरी कोरी ठेवायची आणि कोण कुठे जाते ते मोजायचे. ज्यांना वासच उमगत नाही ती दोन्ही वाटांनी सारखीच जातात; त्यांना वेगळे काढून त्यांची पैदास करायची. इतक्या साध्या सामग्रीवर १९७८ साली त्यांचा वास-चवीच्या जनुकांवरील प्रबंध निघाला. वासाचे ग्राही रेणू शोधून काढणारे बक आणि ॲक्सेल यांचे काम १९९१ चे आहे, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००४ साली. यावरून मुंबईच्या या नळीची वेळ ध्यानी घ्यावी. निरनिराळ्या वासांनी चिलटाच्या मेंदूतील निरनिराळे ठिपके जागे होतात हे रॉड्रिग्ज यांनी १९८८ साली दाखवले. त्या २०१० साली वारल्या, सिद्दिकी २०१३ साली. बंगलोरचे राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र हे टाटा संस्थेचेच अपत्य असून त्याची उभारणी सिद्दिकींनी केली. मराठी वाचकाला भाभांचे नाव ठाऊक असते. मुंबईच्या त्याच इमारतीत मेंदूच्या जनुकांची एक परंपरा उभी राहिली, याची नोंद मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांनी क्वचितच घेतली.

आता मूळ युक्तिवादाकडे वळू. बेंझर यांच्याच प्रयोगशाळेत १९७६ साली एक चिलट सापडले, त्याचे नाव ठेवण्यात आले ‘डन्स’, म्हणजे आपल्या शाळांतील भाषेत ‘ढ’. एका विशिष्ट वासाबरोबर विजेचा झटका बसतो हे इतर चिलटे शिकत आणि तो वास टाळत. या चिलटाला ते जमेना. वास त्याला येत होता, झटकाही कळत होता, दोहोंची सांगड मात्र राहत नव्हती. बारकाईने पाहिल्यावर असे दिसले की ते अगदीच शिकत नाही असे नव्हे. शिकते आणि फार लवकर विसरते. दोष ज्या जनुकात होता ते पेशीच्या आतील एका निरोप्या रेणूचा निचरा करणारे जनुक निघाले. ‘बुद्धीचे जनुक’ असे काही सापडले नाही. सापडला तो अनुभवाची खूण पेशीवर उमटवणाऱ्या यंत्रातील एक दाता. हा फरक लहानसा वाटतो, परंतु साऱ्या वादाची गोम येथेच आहे. जनुके मेंदूत लिहून ठेवतात ते उत्तर नव्हे. अनुभव लिहून घेण्याची पाटी आणि लेखणी ती पुरवतात.

रॉड्रिग्ज यांच्या अखेरच्या वर्षांतील एका कामाने ही गोष्ट आणखी स्पष्ट झाली. चिलटांना एकच वास सलग ४ दिवस दिला तर ती त्याला सरावतात, त्याच्याकडे पूर्वीइतके लक्ष देईनाशी होतात. त्यांच्या मेंदूतील काही दमन करणाऱ्या पेशी या सवयीने बदलतात, आणि तो बदल व्हावयास त्याच निरोप्या रेणूशी संबंधित असलेले दुसरे एक जनुक त्या पेशींत शाबूत असावे लागते. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे सवयीलाही जनुक लागते. आनुवंशिकता मोठी की परिस्थिती मोठी, असा वाद आपण वक्तृत्वस्पर्धांत दरवर्षी घालतो. पैकी एक बाजू काढून घेतली तर दुसरीला उभे राहावयास जागाच उरत नाही, हे त्या स्पर्धांच्या परीक्षकांनीही एकदा लक्षात घ्यावे.

येथपर्यंतची रीत मोडलेले जनुक शोधण्याची होती. घड्याळातील एकेक चाक काढून पाहावे आणि काय बंद पडते ते टिपावे, तशी. पुढे शास्त्रज्ञ आणखी धीट झाले. एका प्राण्याचे जनुक उचलून दुसऱ्याच्या मेंदूतील नेमक्या पेशींत बसवण्याची कला त्यांना साधली. चिलटाच्या हव्या त्या पेशींत हवे ते जनुक चालू करण्यासाठी १९९३ पासून वापरात आलेली किल्ली किण्वाची आहे, म्हणजे पाव फुगवणाऱ्या यीस्टची. २००५ पासून उजेडाने चेतापेशी चेतवण्याची जी रीत जगभर पसरली तिच्यातील मुख्य प्रथिन एका हिरव्या सूक्ष्म शैवलातून घेतलेले आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. साचलेल्या गोड्या पाण्यात उजेडाचा माग घेत पोहणाऱ्या अशा सूक्ष्म शैवलांची वाण येथे पडू नये. त्यांचे ते उजेड ओळखणारे प्रथिन उंदराच्या मेंदूत बसवले की प्रकाशाच्या एका झोताने त्या पेशी जाग्या होतात. ऐकताना हे सारे जादूटोण्यासारखे वाटते, पण यामागे हजारो कंटाळवाण्या प्रयोगांचे कष्ट आहेत.

तिसरी एक रीत आपल्या कथाभागासाठी अधिक महत्त्वाची आहे. पेशीच्या अंगावर संदेश टिपणारे ग्राही रेणू असतात. त्यांना आपण कुलपे म्हणू. शरीरातील रसायने त्यांच्या किल्ल्या. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील ब्रायन रॉथ यांच्या गटाने २००७ साली माणसातील अशा एका कुलपात असे फेरफार केले की शरीरातील मूळ किल्ली त्याला लागेनाशी झाली आणि प्रयोगशाळेतून दिलेल्या एका निराळ्या औषधानेच ते उघडू लागले. हे कुलूप जनुकाच्या रूपाने उंदराच्या ठरावीक पेशींवर बसवता येते. मग औषध द्यावे, त्या पेशी उत्तेजित होतात. देऊ नये, त्या आपल्या स्वाभाविक गतीने चालतात. उंदीर तोच, जनुके तीच. केव्हा आणि किती दिवस चेतवायचे एवढेच संशोधकाच्या हाती.

मुंबईच्या टाटा संस्थेतील डॉ. विदिता वैद्य आणि त्यांचे सहकारी यांनी हे साधन बाल्याच्या प्रश्नाला लावले. वैद्य २००० सालापासून तेथे काम करीत आहेत. बालपणीचे क्लेश आणि मोठेपणीचे मानसिक विकार यांचा दुवा शोधणे हा त्यांच्या कामाचा एक मुख्य धागा आहे. त्यांच्या गटाने पूर्वी पांढऱ्या उंदरांवर जे प्रयोग केले त्यांत नवजात पिलांना जन्मानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज ३ तास आईपासून वेगळे ठेवण्यात येई. अशी पिले मोठी झाल्यावर अधिक भित्री निघतात. पण त्याच दिवसांत पिलांना सेरोटोनिनचा एक विशिष्ट ग्राही रोखून धरणारे औषध दिले तर तो भित्रेपणा पुढे उद्भवत नाही, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात आढळले. आईचा दुरावा होताच; तो पेशीपर्यंत पोचण्याची एक वाट तेवढी अडवली होती.

एवढ्यावर थांबता आले असते. परंतु ‘ही वाट अडवली की परिणाम टळतो’ आणि ‘एवढी वाट चेतवली की परिणाम घडतो’ ही दोन विधाने वेगळी आहेत; दुसरे सिद्ध करावयास क्लेश बाजूला ठेवून केवळ पेशी चेतवून पाहिल्या पाहिजेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वैद्य यांच्या गटाने नेमके हेच केले. मेंदूच्या पुढील भागातील उत्तेजक चेतापेशींवर ते कृत्रिम कुलूप असलेले उंदीर त्यांनी घेतले. त्यांच्या पिलांपैकी काहींना दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत औषध दिले, काहींना दिले नाही. त्यानंतर औषध कायमचे थांबवले आणि पिले मोठी होऊ दिली. ती प्रौढ झाल्यावर त्यांची परीक्षा घेण्यात आली. उंदराला मोकळ्या जागेची भीती असते, पण कुतूहलही असते. उंचावर बसवलेल्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या फळीवर, जिच्या दोन बाजूंना भिंती आहेत आणि दोन उघड्या आहेत, तो उघड्या बाजूला किती वेळ जातो यावरून त्याची धास्ती मोजतात. लहानपणी ज्यांच्या पेशी चेतवल्या गेल्या होत्या ते उंदीर अधिक धास्तावलेले निघाले. निराशेच्या आणि इतरही काही कसोट्यांवर त्यांचे वर्तन बिघडलेले दिसले. त्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागात उत्तेजन आणि दमन यांचा समतोल ढळलेला होता.

याहून महत्त्वाचा भाग पुढेच आहे. हेच औषध इतक्याच तऱ्हेने किशोरवयीन उंदरांना दिले, प्रौढांना दिले. त्यांत पुढे असा कोणताही टिकाऊ परिणाम आढळला नाही. खिडकी उघडी होती ती फक्त पहिल्या २ आठवड्यांपुरती.

आता वाचकांनी या प्रयोगाची मांडणी पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणावी. औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या पिलांत परक्या जनुकाचा भेद नव्हता. ते दोघांपाशी होते. कुलूप दोघांच्या पेशींवर होते. एक जन्मभर धास्तावलेला राहिला, दुसरा नाही, आणि दोघांतील फरक होता तो केवळ आयुष्याच्या आरंभीच्या १३ दिवसांचा. आनुवंशशास्त्राच्या अत्यंत प्रगत हत्याराने जर काही सिद्ध केले असेल तर ते हे, की जनुके अगदी सारखी असूनही स्वभाव निराळा होऊ शकतो. पाळण्यात जे पाय दिसतात ते आईच्या पोटातून आलेलेच असतात असे नव्हे. काही अंशी ते पाळण्यातच घडलेले असतात.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे, कारण अशा संशोधनाची वार्ता गावापर्यंत पोचेतो तिचे काय होते हे आपण पाहतोच. उंदराची पिले फार अपक्व अवस्थेत जन्मतात. त्यांचे पहिले २ आठवडे ढोबळमानाने मानवी गर्भाच्या अखेरच्या महिन्यांशी आणि बाल्याच्या आरंभाशी जुळतात असे मानले जाते, पण ही जुळणी तंतोतंत नाही. फळीवर घुटमळणारा उंदीर म्हणजे उदास माणूस नव्हे. चिलटाच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा २०२४ साली पुरा झाला, त्यात १,३९,२५५ चेतापेशी मोजल्या गेल्या. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. तेव्हा या प्रयोगावरून ‘रोवणीला गेलेल्या आईचे मूल भित्रे निघते’ असा निष्कर्ष कोणी काढील तर तो प्रयोगाचा विपर्यास होईल आणि त्या आईवर अन्यायही. झोळीतल्या मुलाला आईचा आवाज ऐकू येत असतो, बहिणीची मांडी असते, सांजेला दूध असते. प्रयोगातील पिलाचे तसे नव्हते. त्याच्या पेशी रोज औषधाने चेतवल्या जात होत्या.

उलट, माणसाच्या बाबतीत जो थोडा भरवशाचा पुरावा आहे तो भरपाई शक्य असल्याचाच आहे. रुमानियातील बुखारेस्टच्या अनाथालयांतील १३६ लहान मुलांचा अभ्यास २००० सालापासून सुरू झाला. त्यांतील निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून पालक कुटुंबांत ठेवली गेली. या मुलांची बुद्धीची वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा बरी झाली, आणि वयाची सुमारे २ वर्षे पुरी होण्याच्या आत ज्यांना घर मिळाले त्यांची विशेष बरी झाली. येथेही जनुके कोणी बदलली नव्हती. मुलांना फक्त कुणाची तरी कूस मिळाली होती. असे प्रयोग माणसावर सहसा करता येत नाहीत, करूही नयेत. बुखारेस्टच्या अभ्यासाविषयीही नीतीचे प्रश्न विचारले गेलेच. नेमकी कोणती पेशी, कोणत्या दिवसांत, कोणत्या रेणूमुळे, हे विचारावयाचे तर उंदराकडेच जावे लागते.

उंदराच्या पिलाला मुद्दाम भित्रे करणे हे पाप नव्हे काय, असे कोणी विचारील. प्रश्न बिनमहत्त्वाचा नाही आणि त्याला हसण्याचे कारण नाही. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा आपल्याकडे आहे, त्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे, आणि प्रत्येक प्रयोगाला संस्थेतील नीतिसमितीची संमती घ्यावी लागते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ज्या प्रश्नाचे उत्तर चिलटाकडून मिळू शकते त्यासाठी उंदीर वापरू नये आणि ज्याचे उत्तर पुस्तकात आधीच आहे त्यासाठी चिलटही वापरू नये. परंतु बाल्यातील क्लेश मेंदूत कोठे साठतात हे जाणल्याशिवाय त्यावर औषध निघणार नाही, आणि ते जाणण्यासाठी दिलेली ही किंमत समर्थनीय आहे. ज्यांना ती समर्थनीय वाटत नाही त्यांच्या मताचा आदर ठेवूनच हे लिहीत आहे.

किंमत मोजून मिळालेल्या या ज्ञानाचे आपण काय करतो, हा मात्र शास्त्रज्ञांचा प्रश्न नव्हे, आपला आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन रजा २६ आठवड्यांची झाली. हे पान वाचणाऱ्या शिक्षिका आणि कचेरीतील भगिनी यांपैकी अनेकींनी अशी सुमारे ६ महिन्यांची रजा घेतलेली असेल, आणि ती त्यांचा हक्कच आहे. एकोडीच्या शिवारात मजुरीने रोवणी करणाऱ्या बाईला अशी रजा नाही. २००५ सालच्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात, कामावरच्या बायांबरोबर ६ वर्षांखालील ५ किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी त्या बायांपैकीच एकीला नेमावे व तिला मजुरी द्यावी अशी तरतूद केलेली होती. तरतूद उत्तम, परंतु ती सरकारी कामापुरती. खासगी बांधीतील रोवणीला ती कधी लागूच नव्हती. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. रोवणीच्या हंगामात बुडणारी मजुरी आणि बाळंतपणाचा खर्च यांच्या शेजारी हा आकडा मांडून पाहावा. रोवणीचे दिवस वर्षातून महिना-दीड महिन्याचे. तेवढ्या काळापुरती गावातील अंगणवाडीला जोडून, एका मजूर बाईला मजुरी देऊन, तान्ह्या मुलांची सावली आणि दोन वेळा आईला दूध पाजावयास येण्याची सुटी एवढी व्यवस्था ग्रामपंचायतीला करता येणार नाही असे नाही. खर्च फार नाही. अडचण आहे ती, तान्ह्या वयात काय घडते त्याला महत्त्व नाही, जे व्हायचे ते रक्ताप्रमाणे होणार, या आपल्या जुन्या समजुतीची.

तीच समजूत शाळेतही घर करून आहे. पहिल्या बाकावरचे आणि शेवटच्या बाकावरचे अशी विभागणी वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात होते आणि दहावीपर्यंत टिकते. एखादा मुलगा विसरतो तेव्हा त्याची जात, त्याचा बाप, त्याचे घराणे यांत कारण शोधणारे गुरुजी आज पूर्वीइतके राहिले नसतील, पण नामशेषही झालेले नाहीत. ‘ढ’ चिलटालासुद्धा शास्त्रज्ञांनी ढ म्हणून सोडून दिले नाही. ते शिकत नाही की शिकून विसरते हे त्यांनी मोजून पाहिले, आणि त्या मोजण्यातूनच सारे पुढचे काम निघाले.

मोजून पाहण्याची ही संधी आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही देता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१४ साली ते पूर्णपणे बंद करण्यास सांगितले. बेडूक आणि झुरळ यांची सुटका झाली, हे चांगलेच झाले. पण त्यांच्या जागी पुष्कळ ठिकाणी भिंतीवरचा तक्ता आला आणि प्रात्यक्षिकाची वही तक्ता पाहून भरली जाऊ लागली. साकोलीच्या किंवा भंडाऱ्याच्या प्रयोगशाळेत चिलटे पाळावयास कोणाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. दोन रिकाम्या बाटल्या, पिकलेली केळी, चिमूटभर यीस्ट आणि तोंडाला कापसाचा बोळा एवढे पुरते. बाटली हलकेच आपटली की चिलटे तळाशी पडतात आणि लगोलग काचेवरून वर चढू लागतात. ठरावीक उंची गाठावयास त्यांना किती सेकंद लागतात हे मोजणे ही त्यांच्या चेतासंस्थेची एक मान्य कसोटी आहे, आणि कंपवातासारख्या विकारांचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळाही ती वापरतात. तरुण चिलटे झरझर चढतात, म्हातारी रेंगाळतात. आता एकाच मादीची अंडी दोन बाटल्यांत वाटावी, एकीत अन्न मुबलक ठेवावे आणि दुसरीत अळ्यांची दाटी होईल इतके थोडे. दाटीत वाढलेली चिलटे आकाराने लहान निघतात, हे ठाऊकच आहे. ती चढतात कशी, किती दिवस, आणि पुढे पोटभर अन्न दिल्यावर तो फरक भरून निघतो की नाही, हे एका घड्याळावर आणि पट्टीवर विद्यार्थ्यांनी स्वतः पाहून वहीत लिहावे.